उघडलंच आहे, तर...

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी कोलकात्यात 17 सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्म्याची होते. टॅक्सी स्टँडवर, छापखान्यांत, मल्लिक बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानांत हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती येते. पाने-हातोड्या धुऊनपुसून तिच्यापुढे मांडतात आणि गच्च्यांवरून पतंग चढतात. दुसऱ्या दिवशी तेच पाने पुन्हा इंजिनात शिरतात. खरी पूजा तिथे होते की नाही, हे बघायला मात्र कोणी जात नाही.

टायमिंग बेल्ट बदलण्याचं साधं काम घ्या. मारुती 800 असो की शाळेची मुलं ने-आण करणारी ओम्नी (तिकडे तिला ‘पूल कार’ म्हणतात), क्रँकची गती कॅमपर्यंत पोचवतो तो दातेरी रबरी पट्टा. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात 2014 पर्यंत बनत असलेल्या अँबॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात या जागी साखळी असे. साखळी तेलातच नांदते. या पट्ट्याला तेल म्हणजे विष. क्रँकच्या आणि कॅमच्या टोकाशी एकेक ऑइल सील असतं. त्याची कड झिजली की तेल पट्ट्यावर झिरपतं, रबर फुगून मऊ पडतं, दाते उडतात. कित्येक इंजिनांत मग पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि गाडी भर रस्त्यात मरते.

बेल्ट आणि त्याची दातेरी चाकं काढली की ही सीलं समोरच दिसतात. त्यांची किंमत किरकोळ. मजुरी जाते ती तिथवर पोचण्यात. म्हणून चांगला मेस्त्री म्हणतो, ‘उघडलंच आहे, तर सीलंही टाकून घेऊ.’ पंचाईत अशी, की लुबाडणारा मेस्त्रीही नेमकं हेच म्हणतो. गिऱ्हाईक आधी कुठेतरी पोळलेलं असतं. ते फटकारतं, ‘सांगितलंय तेवढंच कर.’ मेस्त्री गप्प बसतो, जुन्या सीलांवर नवा बेल्ट चढतो, आणि पुढे तेल गळालं की दोष बेल्टच्या माथी.

अशा वेळी एकट्या मेस्त्रीला उपदेश करणं मला पटत नाही. गिऱ्हाइकाच्या संशयाचीही किंमत असते आणि ती पुष्कळदा तिसराच भरतो. पूल कारमधल्या मुलांना या घासाघिशीत कोणी विचारलेलं नसतं. गळालेलं तेल पावसात गटारात जातं. कोलकात्याचं बरंचसं सांडपाणी वाहत जातं ते शहराच्या पूर्वेच्या पाणथळ प्रदेशात. साडेबारा हजार हेक्टरांचा हा पट्टा 2002 मध्ये रामसर यादीत गेला. तिथल्या तळ्यांत त्याच पाण्यावर मासे वाढतात आणि शहराच्याच बाजारात येतात.

बरं, सील बदललं म्हणजे झालं, असंही नाही. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना शाफ्टवर नखाला जाणवेल एवढा ओरखडा उठला, तरी नवं सील गळू शकतं. बसायची जागा पुसून कोरडी करायची, कडेला तेलाचं बोट फिरवायचं, आणि सील सगळीकडून सारखं ठोकत सरळ आत न्यायचं. तिरकं गेलं की संपलं. ब्रीदरची नळी चोंदली असेल तर तीही साफ करायची, नाहीतर आतला दाब चांगल्या सीलातूनही तेल बाहेर ढकलतो. कव्हर बसल्यावर यातलं काही दिसत नाही. बिलावर ओळ येते, ‘सील, 2 नग’. घाईत ठोकलेल्या सीलाची ओळही हीच असते.

मग माणूस ओळखायचा कसा? माझी कसोटी अशी: तो गिऱ्हाइकाला बॉनेटखाली वाकायला लावतो, बॅटरी मारून तेलाचा ओघळ दाखवतो, कडक झालेलं जुनं सील हातावर ठेवतो. आणि एखाद्या भागाबद्दल आपणहून सांगतो, ‘हा चांगलाय, राहू द्या.’ जो ‘राहू द्या’ म्हणू शकतो, त्याच्या ‘बदला’ला वजन येतं. सगळंच बदलायला सांगणाऱ्यावर आणि कशालाच हात न लावणाऱ्यावर माझा सारखाच अविश्वास आहे.

तेव्हा बेल्टसाठी गाडी टाकाल त्या दिवशी अर्धा तास काढून गॅरेजात उभे राहा, सीलांचं आधीच बोलून ठेवा आणि जुनी सीलं परत मागा. मेस्त्रीने ती न मागता दिली, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.