शोध कोणाला लागला?

१९९६ साली अमेरिकेत ‘कंबोडियन रॉक्स’ नावाचा गीतसंग्रह निघाला. एका प्रवाशाने कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटींवरील ही गाणी. गायकांची नावे मात्र संग्रहावर कोठेच नव्हती. पाश्चात्त्य रसिकांस ‘शोध’ लागल्याचा आनंद झाला. पण हरवले होते कोणाचे? सिन सिसामुथ, रोस सेरेसोथिया यांच्यासारखे गायक १९७५ ते १९७९ च्या ख्मेर रूज राजवटीत नाहीसे झाले. ख्मेर माणसे त्यांना विसरली नव्हती. अशांना आपण नामशेष म्हणतो. येथे तर नावही शेष ठेवले नाही. सुरांना नावाची गरज नसते, असे कोणी म्हणेल. सुरांना नसेल, ऋण मानणाऱ्याला असते. आम्हांस वाटते, अज्ञानाची सबब नाव विचारीपर्यंतच चालते. बदलीच्या गावी शेजारून परभाषेतले गाणे कानी येते, तेव्हा आपण अर्थ विचारतो. गायकाचे नाव क्वचितच.