वृत्तपत्राची पट्टी आणि अस्तेय

माझी आई वाचून झालेले साप्ताहिक आर्वीहून हिंगणघाटला आत्याकडे टपालाने पाठवीत असे, आणि एकदा त्याच्या समासात तिने शिसपेन्सिलीने 'रामनवमीला मुलांना घेऊन या' एवढेच लिहिले, तेव्हा तो अंक 'नॉटपेड' होऊन पोहोचला व भुर्दंड आत्याने भरला. घरात आईची बाजू घेणारेच अधिक निघाले. चार शब्दांनी सरकारचे असे काय बुडाले, हा त्यांचा सवाल. त्या सवालाने माझा पिच्छा सोडला नाही, कारण आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या प्रार्थनेत, विनोबांनी श्लोकबद्ध केलेली एकादश व्रते म्हटली जात, आणि त्यांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, होते.

1898 च्या टपाल कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्रास सवलत दिली ती अटींनिशी: दोन अंकांत 31 दिवसांहून अधिक अंतर नसावे, वर्गणीदारांची यादी खरीखुरी असावी, मजकूर मुख्यत्वे चालू घडामोडींचा असावा. प्रत वेष्टनावाचून अथवा दोन्ही टोकांना उघड्या पट्टीत घालावी, म्हणजे टपालवाल्यास आत पाहता यावे. आणि नावपत्त्यापलीकडे खासगी मजकूर तिच्यावर नसावा. अलीकडे कित्येक वर्षे 50 ग्रॅमपर्यंतच्या अशा प्रतीस 25 पैसे, आणि 20 ग्रॅमच्या बंद पत्रास 5 रुपये, असा दर होता. मधली तफावत सरकार खिशातून देत नाही. रयतच ती भरते, ज्याने आयुष्यात वर्तमानपत्र विकत घेतले नाही असा देवळी-सेलूकडचा शेतमजूरही भरतो.

तरीही पैशाचा हिशेब येथे गौण आहे, कारण आईपाशी स्वस्त मार्ग होताच; कार्डावर तेच चार शब्द अल्प खर्चात गेले असते. पण कार्ड वाटेत कोणीही वाचतो. समासात लिहिणारास कार्डाहून कमी दर हवा असतो आणि पाकिटाचा एकांतही हवा असतो. आणि ज्या उघडेपणाच्या मोबदल्यात सवलत मिळाली तोच उघडेपणा तो मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात, वृत्तपत्रे टपालातून फुकट जात तेव्हा, लोक छापील अक्षरांखाली ठिपके देऊन निरोप धाडीत. गरिबीने ती युक्ती शिकवली हे खरे, आणि त्या गरिबीबद्दल मला कळवळा वाटतो. परंतु पतंजलीने अस्तेय यमांत, म्हणजे साधनेच्या पहिल्याच पायरीवर ठेवले, ते ऐपत पाहून नव्हे.

खरा आक्षेप याहून कठीण आहे. ज्या परक्या सरकारने हा नियम केला त्याच्याच कायद्यात लोकांची पत्रे अडविण्याची मुभा होती. अशा अंमलाचा नियम पाळण्यात धर्म कोणता? या प्रश्नाचे उत्तर वर्ध्यात आचरणाने दिले गेले. 1940 मध्ये विनोबांनी पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला, त्याविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी दाखविण्याचा हुकूम आला, तेव्हा गांधीजींनी आपले 'हरिजन' साप्ताहिक चोरून वाटले नाही; त्यांनी ते बंद ठेवले. 1942 च्या आंदोलनात गुप्त पत्रके फिरली, ती काढणाऱ्यांचे धैर्य मोठे होते; पण 1944 मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हावयास सांगितले. अन्यायी हुकूम मोडावयाचा तर तो उजेडात मोडावा आणि दंड आपण सोसावा. आईने नियम मोडला तो झाकून, आणि दंड सोसला आत्याने. माझ्या मते चोरी झाली ती येथे, आणि तिचा सरकारी खजिन्याशी फारसा संबंध नाही.

आईला हे मी तिच्या हयातीत सांगू शकलो नाही. तो 1898 चा कायदा जून 2024 मध्ये संपुष्टात आला. बहिणीला मी अजून अंक पाठवितो, पट्टीची दोन्ही टोके उघडी ठेवतो, आणि घरचा निरोप वेगळ्या कार्डावर लिहितो.