दुधावरची साय

नातवंडे म्हणजे दुधावरची साय; पण ती लेकासुनांनी आपल्या हाती सोपवलेली ठेवही आहे. मग त्यांना प्रथमच तंबूत रात्र काढायला न्यावे काय?

रोह्याशेजारच्या वरसे गावी हा प्रश्न कुंडलिकेपाशी येऊन थांबतो. १९२७ सालापासून मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून या नदीत उतरते. ते सुटले की आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. तेव्हा तंबू उंचावर ठोकावा, हे उघडच. पण नातवाला काय सांगावे? बागुलबुवा, की नदी का चढते ते?

बागुलबुवा वयाबरोबर पळतो आणि सावधपणाही घेऊन जातो. समजलेला धोका मात्र जन्मभर राखण करतो. ठेव परत द्यावी ती व्याजासह. ही समज हेच ते व्याज.