मागचं चाक

माझ्या भाच्याने परवा एक मोटारसायकल घेतली. ती म्हणे रस्ता नसेल तिथे जाण्यासाठी असते. आमच्या पिढीला रस्ता नसेल तिथे जायला खास गाडी लागत नसे, खेडेगावातली नोकरी पुरत असे. पण हे मी त्याला बोललो नाही. निवृत्त माणसाने दिवसातून किती वाक्यं ‘आमच्या वेळी’ने सुरू करावीत याचा एक कोटा आमच्या घरी ठरलेला आहे आणि तो सकाळच्या चहालाच संपला होता.

पहिल्याच रविवारी तो डोंगरात गेला आणि संध्याकाळी चिखलाचा गणपती होऊन परतला. म्हणाला, “मामा, इंजिन जोरदार आहे, टायर बटणाचे आहेत, तरी चढावर मागचं चाक नुसतं फिरत राहतं. काय करावं?”

मी म्हटलं, “हवा सोड.”

त्याला वाटलं, मी त्याची चेष्टा करतोय. टायरमध्ये हवा भरायची असते एवढंच ज्ञान घेऊन माणूस मोठा होतो. पण हिशेब अगदी साधा आहे. गाडी आणि स्वार मिळून मागच्या चाकावर एकशेवीस किलोचा भार आहे असं धरा. टायरात तीस पौंड हवा असेल, तर टायर जमिनीला टेकतो तो जवळजवळ अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या जागेवर. हवा पंधरावर आणली की तोच टायर पूर्ण पोस्टकार्ड व्यापतो. हिशेब ढोबळ आहे, टायरची भिंत किती ताठ आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. पण मऊ झालेला टायर दगडधोंड्यांवर बसकण मारतो, त्यांना बिलगतो. ताठ टायर त्यांच्यावरून उडतो.

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात दर मे महिन्यात सहा दिवसांची एक शर्यत होते. तिच्यात वेगापेक्षा तोल मोलाचा. ओल्या खडकांवरून आणि ओढ्यांतून गाडी न्यायची, पाय जमिनीला लागला की दंडाचा गुण. तिथले लोक मागच्या टायरात चार-पाच पौंड हवा ठेवतात. पाय टेकण्याला दंड! तो नियम मला लागू असता तर 1983च्या जुलै महिन्यातला माझा दंड मी अजून फेडत असतो.

हो, त्या जुलैबद्दलच सांगायचंय. टायर हे निमित्त.

मी तेव्हा एका बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. अधिकारी म्हणजे काय, तर बँकेने मोटारसायकलला कर्ज दिलेला आणि त्या मोटारसायकलवरून इतरांच्या कर्जांमागे फिरणारा माणूस. मुळशी खोऱ्यातल्या एका गावात बैलजोडीचं कर्ज थकलं होतं. आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, “प्रेशर वाढवा.” त्यांच्याकडे सर्व रोगांवर हे एकच औषध होतं. मी नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि भर पावसात निघालो. मॅनेजरसाहेबांचा सल्ला मी टायरांनाही लागू केला होता, दोन्ही टिच्च फुगवून घेतले होते. मागचा तर झिजून गोटा झालेला.

गाव अर्ध्या मैलावर राहिलं आणि गाडी रुतली. दोन्ही बाजूंना खाचरं, भाताची लावणी चाललेली. आता रुतलेल्या माणसाने खरं तर थांबायला पाहिजे. चाक जमिनीला धरून आहे तोवर जमीन त्याला पुढे जाऊ देते. एकदा ते घसरून फिरायला लागलं की पकड आणखी कमी होते आणि उरलेली ताकद खड्डा खणण्यात जाते. दुसरा गिअर, अर्धा क्लच, ढुंगण जरा मागे सरकवून मागच्या चाकावर वजन, आणि हलक्या हाताने ॲक्सिलरेटर, असं जायचं असतं. पण इंजिन ओरडतंय म्हणजे काम होतंय अशी माझी ठाम समजूत होती. बऱ्याच कचेऱ्यांचीही असते. मी मूठ पिळत राहिलो. चाक एक्सलपर्यंत आत गेलं.

तेवढ्यात खाचरातून एक म्हातारे गृहस्थ लावणी सोडून आले. डोक्यावर इरलं. काही न विचारता त्यांनी मागून कॅरिअरला हात घातला आणि म्हणाले, “हं, जाऊं द्या!”

मी जाऊं दिलं. गाडी तसूभर हलली नाही. जे काय गेलं ते सगळं मागे गेलं. मी वळून पाहिलं तर इरल्याखाली माणूस नव्हता, चिखलाचा एक पुतळा होता आणि त्याला दोन डोळे होते. पुढे बसून मूठ पिळणाऱ्याच्या सदऱ्यावर शिंतोडाही नव्हता. ढकलणाऱ्यावरच चिखल का उडावा, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. त्याचं यांत्रिक उत्तर सोपं आहे, चाक तसंच फिरतं. दुसरं उत्तर मी अजून शोधतोय.

पुतळा हसला. म्हणाला, “सायेब, हवा सोडा निम्मी. आमचा दूधवाला सोडतोय की. मागं किटल्यांचं वजन, त्यात हवा कमी, बरुबर निघून जातोय.” मग खाचरातल्या म्हशीकडे बोट दाखवून म्हणाला, “तिचा खूर बघा. चिखलात फाकतोय.” मी पाहिलं. म्हशीच्या खुराची दोन बोटं खरोखरच विलग होत होती. त्यांच्या स्वतःच्या अनवाणी पायांची बोटंही तशीच पसरलेली होती. तिथे ताठ होता तो माझा टायर, आणि मी.

हवा सोडली. चाकापुढचा चिखल हाताने उपसला, खड्ड्यात दगड घातले. दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, गाडी शहाण्या मुलासारखी बाहेर आली. मी खिशातून दहाची नोट काढली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

“कुणाकडं निघालात?”

मी नाव सांगितलं.

“मीच की तो,” ते म्हणाले.

काही क्षण नुसता पाऊस पडत होता. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून ते म्हणाले, “कागुद आणला असंल. थांबा, हात धुतो. खराब व्हायचा.” आणि ते ओहोळात खरंच हात धुवायला गेले.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? मी नोटीस दिली. त्यांनी इरल्याच्या आडोशाला सही केली, कागद कोरडा ठेवून. मी निघालो. टायरात हवा कमी म्हणून डांबरी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत बैलगाडीच्या चालीने आलो. सुरुवातीला आरशात दिसत होतं, म्हातारबा मी खणलेल्या खड्ड्यात आणखी दगड टाकत होते. मागून एखाद्याची बैलगाडी येणार होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घसरणारं चाक फक्त आपल्या गाडीला अडवत नाही, मागून येणाऱ्याची वाटही उकरून ठेवतं.

शाखेत आल्यावर मी अहवाल लिहिला: ‘भात निघाल्यावर तीन हप्त्यांत वसुली शक्य, मुदत द्यावी.’ मॅनेजरसाहेबांनी कुरकुरत मान्य केलं. तीनही हप्ते वेळेवर आले. इथे गोष्ट संपवली असती तर मला किती बरं वाटलं असतं! पण त्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या एका कर्जदाराला मी मुदत दिली नव्हती. त्याचंही भातच होतं, पाऊसही तोच. फरक एवढाच की त्याच्या गावाला जाणारा रस्ता पक्का होता, त्यामुळे माझी गाडी ढकलायची संधी बिचाऱ्याला मिळाली नाही. दहा रुपयांची नोट म्हातारबांनी नाकारली, पण माझ्या लेखणीने मजुरी चुकती केलीच, आणि ती बँकेच्या तिजोरीतून. ही कृतज्ञता म्हणायची की लाच? माझे एक सहकारी म्हणत, “अहो, तुम्हाला चिखलात परिस्थिती दिसली, म्हणून न्याय दिलात. दुसऱ्याची दिसली नाही, एवढंच.” हे ऐकायला गोड आहे. पण न्याय मिळण्यासाठी साहेबाची गाडी आपल्या दारात रुतावी लागते, हे त्या दुसऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढे 1990 साली दहा हजारांपर्यंतची थकलेली शेतीकर्जं सरकारने माफ केली. म्हातारबांचं तोवर फिटलेलं होतं, त्यांना काहीच मिळालं नाही. तो दुसरा थकलेलाच होता, त्याचं सुटलं. म्हणजे माझ्या उपकाराने ज्याचं भलं झालं त्याचं नुकसान झालं, आणि ज्याच्यावर मी अन्याय केला त्याचं कल्याण. नीतिशास्त्राची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा शेतीकर्जाच्या खात्यात नोकरी करावी.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हवा नक्की किती ठेवू?”

मी म्हटलं, पंधराच्या आसपास सुरुवात कर. फार सोडलीस तर दगडावर आपटून ट्यूब रिमशी चेचते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. शिवाय टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह उपटून काढतो. ते टाळायला रिमला आतून टायर दाबून धरणारं लॉक मिळतं, ते बसव. आणि काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर जाऊच नकोस. तिथे हवा सोडूनही फारसा उपयोग नाही. चिकणमाती बटणांच्या मधे भरते, टायरचा गोटा होतो, मग ती मडगार्डखाली दाटते आणि चाक फिरायचंच थांबतं. काठी घेऊन उकरत बसावं लागतं. तुझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकापासून एवढं उंच दिलंय ते शोभेसाठी नाही.

“आणि चाक फिरायला लागलं की मूठ सोड. खड्डा पडलाच तर बुजवून ये. सड्यावर, पठारावर मातीचा थर मुळात चार बोटांचा असतो. तो एकदा उकरला की पावसाबरोबर जातो.”

पुढच्या रविवारी तो परत आला तेव्हा त्याचे कपडे जवळजवळ स्वच्छ होते. मला आनंद झाला. मग मी जरा संशयाने विचारलं, “रुतला नाहीस?”

“रुतलो ना. एका काकांनी मागून ढकललं.”

“नाव विचारलंस त्यांचं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, पंप कुठे मिळेल? हवा सोडली, पण भरायला काही नव्हतं. घाटातून तसाच आलो.”