समुद्र नसलेल्यांचा किनारा

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. समुद्र मात्र नाही. मुंबईचा किनारा येथून लोहमार्गाने साडेसातशे किलोमीटरांवर आहे, आणि आमच्या धर्मग्रामातील कित्येक वृद्धांनी तो आयुष्यात पाहिलेला नाही. ज्यांनी एकदा पाहिला, ते त्याविषयी सांगताना लहान मुलांप्रमाणे हात पसरून दाखवितात. वसईच्या किंवा कोकणातील वाचकांस समुद्र हा दारचा शेजारी. त्यांना आमचा प्रश्न कदाचित विचित्र वाटेल. ज्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही, त्याचा किनाऱ्यावर काही वाटा आहे काय? असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा, आणि तो घेण्यासाठी त्याने इतरांकडून किती मागावे?

हा प्रश्न आजच सुचण्यास कारण घडले आहे. ते पुढे येईलच. तत्पूर्वी किनाऱ्याकडे जाऊ.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडे येथे जाण्याचा योग आम्हांला आला. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात ज्या गावी शिक्षकी केली, ते हे गाव. गावाच्या पश्चिमेस सुरूचे दाट बन आहे. त्या बनातून चालू लागले की समुद्र आधी कानी पडतो, मग दिसतो. झाडे संपतात आणि एकदम पुळण सुरू होते. आम्ही विदर्भातील माणसे रेती म्हणतो ती बांधकामावरची, ढिगाऱ्यातली, ट्रकातली. 'पुळण' या शब्दात जे मऊपण आहे, ते पायांना कळल्याखेरीज शब्दही कळत नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूचा पट्टा आरशासारखा होतो व त्यात आभाळ उतरते. वेळागरची लांबच लांब किनारपट्टी आहे. दक्षिणेस रेडी, जेथे १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीत गणपतीची भव्य मूर्ती सापडली. आणि त्याहीपुढे तेरेखोलची खाडी. खाडीपलीकडचा किल्ला... चुकलो, किल्ला खाडीच्या अलीकडेच, उत्तर तीरावर आहे, तरी तो गोव्याचा. त्याच्या तटाआत संत अंतोनीचे चर्च आहे आणि त्याच तटाआत पुढे हॉटेलही थाटण्यात आले. प्रार्थनेस आलेला आणि मुक्कामास आलेला, दोघेही एकाच दरवाजाने आत जातात. कोणास आधी आत घ्यावे, हे कोण ठरविणार?

शिरोड्यातही तोच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. पुळणीच्या एका बाजूस होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली, मासळी वाळत घातलेली. दुसऱ्या बाजूस आमच्यासारखे पाहुणे. वाऱ्याची दिशा फिरली की पाहुण्यांतील काही नाकाला रुमाल लावतात, आणि 'एवढ्या सुंदर जागी ही घाण कशाला' असे मोठ्याने म्हणतात. मासळी वाळविणारी बाई ऐकत असते. ती काही बोलत नाही.

किनारा कोणाचा, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आहे. सेमिनरीत असताना आम्हांला रोमन विधीची थोडी तोंडओळख करून देण्यात आली होती. सम्राट जस्टिनियन याने इसवी सन ५३३ मध्ये जी विधिसंहिता प्रसृत केली, तीत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रामुळे त्याचा किनारा, हे निसर्गनियमानेच सर्वांचे मानले आहे. जेथवर लाट पोहोचते तेथवर कोणाची खासगी मालकी नाही. हे तत्त्व पुस्तकात पडून राहिले असे नव्हे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका मोटेलसाठी नदीचा प्रवाह वळविण्यात आला, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मधील निकालात याच रोमन विचाराचा आधार घेतला आणि शासन हे अशा संपत्तीचे धनी नसून केवळ विश्वस्त आहे असे सांगितले. संत थॉमस अक्विनास याने मालमत्तेविषयी जो भेद केला, तोही येथे उपयोगी पडतो. वस्तूची व्यवस्था एकाकडे असू शकते; तिचा उपयोग मात्र सर्वांसाठी आहे असे समजूनच ती बाळगावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, विशेष सौंदर्य असलेल्या जागा खासगी होत गेल्यामुळे सामान्यांस तेथे प्रवेश उरत नाही, याकडे लक्ष वेधले होते.

तेव्हा समुद्रपूरच्या शेतमजुराचाही शिरोड्याच्या पुळणीवर वाटा आहे, एवढे तत्त्वतः सिद्ध झाले. पण 'सर्वांचे' हा शब्द फसवा आहे. जो दोन दिवसांसाठी येतो, त्याला तो उच्चारणे सोपे जाते. ज्याची चूल त्या वाळूवर अवलंबून आहे, त्याच्या कानांना 'सर्वांचे' म्हणजे 'तुझे नव्हे' असे ऐकू येते, आणि अनुभवाने त्याला तसे ऐकण्याचे कारणही दिलेले आहे. १९९१ साली केंद्र शासनाने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घातले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. किनाऱ्यावरच्या गावकऱ्याला घर दुरुस्त करता यावे, हाही त्यामागे एक हेतू सांगितला जातो, आणि तो खोटा नाही. परंतु ५० मीटरांवर कोणाची घरे उभी राहतील आणि कोणाची रिसॉर्टे, हे ज्याच्या हाती पैसा आहे तो ठरवील, असे आम्हांला भय वाटते.

वाळूला स्वतःला तर मालकीची ही भाषाच ठाऊक नाही. पावसाळ्यात उंच लाटा पुळण खरवडून नेतात आणि ती वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साठते. पाऊस ओसरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. जून महिन्यात जो किनारा अरुंद दिसतो, तो जानेवारीत रुंद होतो. म्हणून किनाऱ्यालगत भिंत बांधणारा केवळ दुसऱ्याची वाट अडवीत नाही, तर वाळूचे हे जाणे-येणेही अडवितो. तिला नदीकडूनही भर लागते. आमची वर्धा नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते, वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागरास जाते. पवनारची धाम नदी वेणेला मिळते आणि तिचे पाणी वर्धेतून त्याच वाटेने जाते. आमच्याकडे 'घाट' म्हटले की एकेकाळी स्नान आणि दहावा-तेरावा आठवे. आता लिलावाचा रेतीघाट आठवतो. नदीच्या पात्रातून रात्री उपसलेली रेती समुद्रापर्यंत कधीच पोहोचत नाही. तेव्हा समुद्र न पाहिलेला माणूसही किनाऱ्याशी अगदीच असंबद्ध नाही. दूरवरच्या कुठल्या तरी पुळणीचे देणे त्याच्या अंगणातून वाहत असते, किंवा वाहायचे थांबलेले असते.

आणखी एका अर्थाने वर्धा जिल्हा किनाऱ्याचा ऋणी आहे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीच्या किनाऱ्याकडे निघाले, ते स्वराज्य मिळेपर्यंत त्या आश्रमात परत न येण्याचा निश्चय करूनच. ६ एप्रिलला त्यांनी समुद्राने सोडलेले मीठ उचलले. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह झाला. परत जायचे नाही हे ठरलेलेच होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्यास आले आणि १९३६ साली शेगावी राहू लागले, ज्याचे सेवाग्राम झाले. दांडीची वाळू मध्ये नसती तर सेवाग्रामही नसते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या मूठभर मिठातील नैतिक दावा काय होता? समुद्र जे सर्वांसाठी टाकून जातो, ते गोळा करणे हा राजाने गुन्हा ठरवू नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, सत्याग्रही किनारा पाहावयास गेले नव्हते. त्यांनी तेथे हात घातला आणि त्यासाठी तुरुंग पत्करला.

आता त्या कारणाकडे येऊ. २०२४ मध्ये नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची जी आखणी जाहीर झाली, तिचा आरंभ आमच्या जिल्ह्यातील पवनार येथे आणि शेवट महाराष्ट्र-गोवा सीमेवरील पत्रादेवी येथे होता. सुमारे ८०० किलोमीटर, बारा जिल्हे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला आहेच, आणि तोही आमच्या जिल्ह्यातूनच जातो. हा दुसरा रस्ता झाला तर पवनारचा माणूस सकाळी धामच्या काठी निघून त्याच दिवशी कोकणच्या समुद्रात पाय बुडवील. पत्रादेवीपासून शिरोड्याची पुळण फार दूर नाही.

पवनार हे नाव ऐकताच आम्ही थबकलो. कोकणातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा १९३८ साली याच पवनारला धामच्या तीरावर येऊन राहिले. येथून १९५१ साली ते पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीस भूमिहीनांनी मागितलेल्या ८० एकरांच्या उत्तरादाखल एका जमीनदाराने १०० एकर देऊ केले. भूदानातील बरीच जमीन पुढे वाटलीच गेली नाही, बरीच नापीक निघाली, हे खरे आहे, आणि त्या चळवळीचे अवास्तव गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तरीही एक गोष्ट उरते. पवनारहून निघालेला तो माणूस शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून जमीन मागत असे, आणि नकार ऐकून पुढच्या गावी चालू लागत असे. त्याच पवनारहून निघणारा रस्ता मात्र नकार ऐकून पुढे जाऊ शकत नाही. त्याला मधले शेत लागतेच. कोल्हापूर-सांगलीकडील बागायतदारांनी कडाडून विरोध केला, तो याचमुळे.

रस्ते नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. हृदयविकाराचा रुग्ण रस्त्याने वाचतो, कारंज्याची संत्री रस्त्याने बाजारास जातात, आणि ज्या शेतकऱ्याच्या कोरडवाहू जमिनीने त्याला केवळ कर्ज दिले, त्याने मोबदला घेऊन मोकळे व्हावेसे वाटणे यात लोभ पाहणे अन्यायाचे होईल. भाविकांना देवदर्शनास जायचे आहे, तेही आदरणीय आहे. आमचे म्हणणे इतकेच की, 'वैदर्भीयाला समुद्र दिसेल' हे कारण जेव्हा आमच्या नावाने पुढे केले जाते, तेव्हा त्याचा हिशोब आम्हांलाच विचारला पाहिजे. किनाऱ्यावरील आमचा वाटा मान्य आहे; पण तो पाहण्याचा वाटा आहे. पाहण्याने वाळूचा एक कणही कमी होत नाही. पोहोचण्याने मात्र पुष्कळ काही झिजते : कोणाचा ऊस, कोणाची विहीर, किनाऱ्यावरच्या गावाचे गोडे पाणी, मासळी वाळविण्याची मोकळी जागा. आठ तासांत पोहोचण्याचा हक्क हा पाहण्याच्या हक्कातून आपोआप निघत नाही. तो वेगळा मागावा लागतो, आणि ज्याच्या शेतातून जायचे त्याला 'नाही' म्हणण्याची खरी मोकळीक असेल तरच ते मागणे म्हणता येईल. ही मोकळीक नसेल, तर दांडीला ज्या वृत्तीविरुद्ध मीठ उचलले गेले, तीच वृत्ती आमच्या सहलीच्या नावाने वावरत आहे असे समजावे लागेल.

मग पाहुण्याने रिकाम्या हातांनी लांब उभे राहावे काय? वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. तेथे रापण लावतात. होडीने समुद्रात दूरवर जाळे सोडायचे आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. त्या दोराला वीस-तीस हात लागतात. ओढावयास ज्याने हात लावला, त्याला मासळीतला वाटा द्यावयाचा, असा रिवाज आहे. तो कोणत्या गावचा, हे आधी विचारीत नाहीत. यांत्रिक नौकांनी रापणीचा हंगाम पुष्कळच हलका केला आहे आणि दोर धरणारी तरुण मुले मुंबई-गोव्याकडे गेली आहेत, तरी ती अजून संपलेली नाही.

येत्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील सहा-सात कुटुंबे शिरोड्याला जावयाचे म्हणत आहेत. त्यांत एक आजीबाई आहेत. वय ७८, समुद्र पाहिलेला नाही. मुक्काम कोठे करावा हे विचारावयास ही मंडळी आली, तेव्हा गावातल्याच एखाद्या घरी करा, जेवणाचे तेथेच सांगा, पाणी बेताने वापरा, असे आम्ही सांगितले. वासाबद्दल काही बोलू नका, असेही सांगितले. एका मुलाने रापण म्हणजे काय ते विचारले. ती ओढताना हात सोलतात का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. सोलतात, आम्ही म्हणालो, आणि ज्या दिवशी रापण असेल त्या दिवशी लवकर उठावे लागेल.