न कळण्याचा भार

दुकानाच्या पावतीवर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत छापलेलं एक वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्याच्याच आसपास 'भूलचूक देणे घेणे' असंही छापलेलं असतं. ही दोन वाक्यं एका कागदावर सुखाने नांदतात याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. एक म्हणतं, हिशेबात चूक निघाली तर ती आपण दोघं मिळून दुरुस्त करू. दुसरं म्हणतं, वस्तूत खोट निघाली तर ती आता तुमची. आकड्यांची चूक दोघांची, मालाची चूक एकट्या गिऱ्हाइकाची.

व्यवहारात अर्थात माल परत घेतला जाई. पुण्यात आमच्या घरी रेडिओ, इस्त्री, मिक्सर अशा वस्तू विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या तपकीर गल्लीतून येत. काही बिघडलं की वडील ती वस्तू पिशवीत घालून निघत. दुकानदार आधी वस्तूकडे पाही, मग वडिलांकडे, आणि थोडं थांबून म्हणे, "भाऊसाहेब, दुसऱ्या कोणाला दिली नसती. तुमच्यासाठी म्हणून बदलून देतो." चहा येई, मुलांची चौकशी होई. वस्तू बदलून मिळे, पण हक्क म्हणून नव्हे, ओळख म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या, खेड्यातून आलेल्या माणसाला त्याच काउंटरवर वेगळं उत्तर मिळे: "तुम्हीच पाडली असणार." दोघांच्या हातातला दोष कदाचित एकच असे. शब्द कोणाचा, यावर तो दोष खरा की खोटा ते ठरे.

गेली काही वर्षं मी जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये राहते. तिथे घेतलेला लॅपटॉप आठव्या महिन्यात चालता चालता बंद पडू लागला. दुकानात जाण्याच्या आदल्या रात्री मी जर्मन वाक्यांची उजळणी केली. तो पडलेला नाही. त्यावर पाणी सांडलेलं नाही. मी तो उघडलेला नाही. पावती, खोकं, बँकेचा उतारा, सगळं बरोबर घेतलं. माझ्या पिशवीत लॅपटॉपपेक्षा माझ्या निर्दोषपणाचं सामानच जास्त होतं. परक्या देशात माणूस अशी तयारी करून जातो, कारण तिथे त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नसतं. तिथे वडिलांचं नाव चालत नाही, आडनावावरून गाव ओळखलं जात नाही, आणि व्याकरण चुकलं की हेतूही चुकल्यासारखा वाटतो.

काउंटरवरच्या तरुण मुलीने पावती पाहिली आणि सांगितलं, "आठ महिने झालेत. तुम्ही हा उत्पादक कंपनीकडे पाठवा." मी तयार केलेली वाक्यं बाजूला ठेवली आणि एकच शब्द उच्चारला: गेवेअरलाइस्टुंग. जर्मनीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'गारांटी' म्हणजे उत्पादकाने आपणहून दिलेलं वचन. ते असेल किंवा नसेलही. 'गेवेअरलाइस्टुंग' म्हणजे विक्रेत्याची कायद्याने येणारी जबाबदारी. नव्या वस्तूवर ती दोन वर्षं असते आणि दुकानदाराला ती उत्पादकावर ढकलता येत नाही. शिवाय पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच वस्तूत होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ते विक्रेत्याने. १ जानेवारी २०२२च्या आधी झालेल्या खरेदीला ही मुदत सहा महिन्यांची होती. म्हणजे जुन्या नियमाखाली आठव्या महिन्यात पुराव्याचा भार माझ्यावर असता.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, "बरोबर आहे," म्हणाली आणि अर्ज भरायला घेतला. लॅपटॉप पडला होता का, हे तिने विचारलंच नाही. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. बाहेर पडताना आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग एक चमत्कारिक पोकळी जाणवली. माझ्यावर विश्वास ठेवला गेला होता का? खरं तर कोणी ठेवला नव्हता, तशी गरजच पडली नव्हती. तपकीर गल्लीत निदान वडिलांवर विश्वास होता. इथे मी खरी की खोटी, हा प्रश्नच व्यवहारातून काढून टाकलेला होता. ही प्रगती म्हणायची की आणखी एक परकेपणा?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी दोष म्हणजे काय, हे पाहायला हवं. बाजारात वांगं दाबून बघता येतं, मडकं टिचकी मारून वाजवून घेता येतं. गायीचे दात पाहता येतात. अशा व्यवहारात 'नीट पाहून घ्या' हा सल्ला निदान शक्य कोटीतला असतो. ज्याला पाहता येत नाही, त्याच्यासाठी जुन्या विचारवंतांनीही सोय सुचवली होती. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एका घराची गोष्ट मांडली आहे: घर रोगट आहे, त्यात साप निघतात, लाकूड किडलेलं आहे, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवं का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, हवंच. दुसरा म्हणतो, घ्याच असा आग्रह त्याने कुठे केला? सिसेरो पहिल्याच्या बाजूने कौल देतो. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं हे चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे, असं त्याचं म्हणणं.

पण माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत अंधारात कोण कोणाला ठेवत होतं? खोकं सीलबंद होतं. दुकानदाराने आत डोकावलं नव्हतं, मीही नाही. हजारो मैल दूर कुठल्यातरी कारखान्यात एक डाग कच्चा बसला असेल, किंवा नसेलही. कोणी खोटं बोललं नाही आणि तरी वस्तू खोटी निघाली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी बाजारात आणलेली नवी गोष्ट ही आहे. जुनी नीती विचारते, 'कोणी लपवलं?' आता प्रश्न असा आहे की जिथे कोणालाच ठाऊक नाही, तिथे त्या न कळण्याचा भार कोणी वाहायचा?

कायद्याने काही गृहीत धरणं म्हणजे सत्य सांगणं नव्हे. आठव्या महिन्यात बिघडलेला लॅपटॉप पहिल्या दिवसापासून सदोष होता, हे कायद्यालाही ठाऊक नसतं. तो एवढंच ठरवतो की सत्य हाती येईपर्यंत ओझं कोणाच्या खांद्यावर ठेवायचं. त्या खांद्याची निवड हा नैतिक निर्णय आहे. विक्रेता अशा शेकडो वस्तू विकतो, एका वस्तूचा तोटा त्याला हजार विक्रींत वाटून घेता येतो, उत्पादकाकडे मागणं मागता येतं. माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे.

ही समज केवळ युरोपची नाही. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक पद आहे, आणि तिथे घेतलेली वस्तू परत देण्याला किंवा विकलेली परत घेण्याला दहा दिवसांची मुदत दिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती माणसाच्या व्यवसायानुसार बदलते: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गोपालकाला पाच. बाजारात रोज वावरणाऱ्याला सर्वांत कमी आणि गुरांमागे रानात फिरणाऱ्याला त्याहून जास्त, यात मला तरी एक न्याय दिसतो. ज्याला बाजार कमी कळतो, त्याला विचार करायला वेळ जास्त. 'अनुशय' या शब्दाचा अर्थच पश्चात्ताप. माणसाला पस्तावण्याची मुभा असावी, हे त्या काळीही कायद्याच्या भाषेत सांगावंसं वाटलं होतं.

या मुभेचा गैरवापर होतो, हे मात्र खरं. २०२४च्या उन्हाळ्यात युरोपीय फुटबॉल स्पर्धा जर्मनीत झाली, काही सामने स्टुटगार्टलाही होते. ओळखीतल्या एकाने शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ऑनलाइन भला मोठा टीव्ही मागवला आणि मुदत संपायच्या आत परत पाठवला. ऑनलाइन खरेदीत चौदा दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करण्याचा हक्क तिथे आहे. "नियमात बसतं ना?" तो हसून म्हणाला. "एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो? आणि आयुष्यभर आपल्याला दुकानदारांनी फसवलं, त्याचं काय?"

त्याच्या या शेवटच्या बोलण्यात एक खरी जखम आहे. ज्याला सतत संशयाने वागवलं गेलं, त्याला विश्वास हातात पडला की तो लुटायची वस्तू वाटतो. तरीही मला त्याचं पटत नाही. नियमसुद्धा त्याला वाटतो तितका त्याच्या बाजूने नाही. वस्तू पारखण्यापुरती वापरावी, त्यापलीकडच्या वापराने तिची किंमत उतरली तर भरपाई मागता येते. पण भरपाई कोणी मागितली नाही म्हणून काम नीतीचं ठरत नाही. पस्तावल्याशिवाय पस्ताव्याची मुभा वापरणं म्हणजे न सांगता उसनं घेणं.

आमच्या मंडळींपैकी कोणी त्याला समजावलं, तेही मला तितकंच खटकलं: "अरे, आपल्यामुळे भारतीयांचं नाव खराब होतं." जर्मन माणूस टीव्ही वापरून परत देतो तेव्हा तो फक्त स्वतःपुरता खोटा असतो, आणि आपण मात्र अख्ख्या देशाच्या वतीने? प्रामाणिकपणाला असं वेठीला धरू नये. परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या देशाची इभ्रत काउंटरवर घेऊन उभं राहायचं असेल, तर तो पुन्हा ओळखीच्याच जगात गेला. फरक एवढाच की वडिलांच्या जागी आता देश आला.

माझ्या दृष्टीने खरं कारण वेगळं आहे. अनोळखी माणसाच्या बाजूने धरलेलं ते गृहीतक गावाच्या गायरानासारखं असतं. ते कोणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून त्यावर कोणीही आपलं जनावर सोडू शकतं, आणि म्हणूनच ते राखावं लागतं. सहा महिन्यांचं वर्ष झालं तसं वर्षाचे पुन्हा सहा महिनेही होऊ शकतात. तेव्हा मोठ्या कंपनीचं फारसं काही बिघडणार नाही. ज्याला भाषा येत नाही, ज्याच्याकडे वकील नाही, ज्याचा एकुलता एक फोन बंद पडला आहे, तो उघड्यावर पडेल. खोटा परतावा कंपनीला फसवतो की नाही हे मला सांगता येत नाही, पण रांगेतल्या पुढच्या माणसाच्या पायाखालची जमीन तो नक्की खातो.

भाषेचा मुद्दा मी सहज आणलेला नाही. मला तो एक शब्द माहीत नसता, तर मी लॅपटॉप उत्पादकाकडे पाठवून त्याच्या मर्जीची वाट पाहत बसले असते. जो हक्क मागण्यासाठी शब्द यावा लागतो, तो हक्क अर्धाच दिलेला असतो. काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. तिला पढवलेलं होतं तेच ती बोलत होती, आणि शब्द ऐकल्यावर तिने हुज्जत घातली नाही. पण तो शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून येण्याची वाट पाहणं, हे सिसेरोच्या घरमालकाचंच नवं रूप आहे. आता साप लपवले जात नाहीत, साप निघाल्यावर काय करता येतं ते लपवलं जातं.

आपल्याकडेही यासाठी माणसं झटली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याच्या जागी २०१९चा कायदा आला आणि २०२०च्या जुलैपासून लागू झाला. सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हा त्यात अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार मानला आहे. पण दोष होता हे दाखवण्याचा भार बहुतेकदा गिऱ्हाइकावरच राहतो. वस्तू प्रयोगशाळेत तपासायची तर आयोग त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. ज्याला वस्तू मुश्किलीने परवडली, त्याने ती खोटी आहे हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा पैसे काढायचे. म्हणून तो ओळख शोधतो. आपल्याकडची ओळख हा स्वभावाचा गुण जितका, तितकाच कायद्याने न उचललेल्या ओझ्याचा परिणाम आहे.

तीन आठवड्यांनी लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. सोबतच्या कागदावर कुठला भाग बदलला ते लिहिलं होतं. तो कोणामुळे बिघडला, हे लिहिलं नव्हतं. ते मला आजही ठाऊक नाही आणि दुकानदारालाही नाही.

तपकीर गल्लीतला चहा मला आठवतो आणि त्याची ऊब मी नाकारत नाही. पण ती ऊब वडिलांना मिळत होती, शेजारच्या खेडुताला नाही. माझ्या वाट्याला आलेला विश्वास कोरडा होता. त्यात माझं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, चौकशी नव्हती. नेमक्या त्याच कारणाने तो माझ्यानंतर येणाऱ्या कोणालाही जसाच्या तसा मिळू शकत होता. ओळखीच्या माणसाशी खरं वागणं सोपं, कारण उद्या तो भेटणार असतो. ज्याने आपल्याला काहीच विचारलं नाही, त्याच्याशी खरं वागायला मात्र आपल्यापाशी दुसरं कुठलंच कारण उरत नाही, खरेपणाखेरीज.