शरीर आपले, शेजारही आपला



संत पौल करिंथ शहरात आला तेव्हा तो कोणाकडे उतरला? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला या पतिपत्नीकडे. सम्राटाने यहुदी लोकांना रोममधून बाहेर काढल्यामुळे हे जोडपे नुकतेच तेथे आले होते. तंबू तयार करणे हा त्यांचा धंदा. पौलाचाही तोच व्यवसाय असल्याने तो त्यांच्या घरी राहून काम करू लागला. पुढे इफिसमध्ये ख्रिस्तसभा याच दांपत्याच्या घरी जमत असे. म्हणजे आपल्या श्रद्धेच्या वाटचालीत हातावर पोट असणाऱ्या धंदेवाल्यांचा वाटा पहिल्यापासून आहे.

करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. धावणारे, मुष्टियोद्धे तेथे उतरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. म्हणूनच करिंथकरांस लिहिताना पौल शर्यतीचे उदाहरण देतो. त्याच पत्रात तो सांगतो की आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. पण तो तेथेच थांबत नाही. बाराव्या अध्यायात तो आणखी एका शरीराविषयी बोलतो: आपण सारे मिळून ख्रिस्ताचे शरीर आहोत आणि एक अवयव दुखला तर सगळेच दुखतात.

आपण मात्र पहिल्या शरीरापाशीच थांबतो का?

आपल्या वसईत व्यायामाची आवड वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. २०११ पासून वसई-विरारमध्ये मॅरेथॉन सुरू झाली. पहाटे किनाऱ्यावर चालणारे दिसतात, गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. शरीराची निगा राखणे हे देवाच्या देणगीचे आभार मानणेच होय. पण आपली गंमत पाहा. जिमच्या पट्ट्यावर आपण तीन किलोमीटर चालतो आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढतो. नाहीतर मोबाईलवर बोट फिरवून घरपोच मागवतो.

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. पिशवी घेऊन बाजारात पायी जाऊन आलो तरी त्यातला बराच भाग भरून निघतो. शिवाय वाटेत चार माणसे भेटतात. एकटी राहणारी आजी दोन दिवस पावाला आली नाही, तर पहिली चौकशी दुकानदारच करतो. मोबाईल ती करणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांना वाणसामान आणि भाजी याच माणसांनी पुरवली, वेळप्रसंगी उधारीवर. त्यांची शटरे एकेक करून कायमची खाली आली, तर आपल्याच शरीराचा एक अवयव लुळा पडेल.

घरपोच मागवणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. आजाऱ्यांना, वृद्धांना त्याची गरज असते, आणि सामान आणणारा मुलगाही कोणाचा तरी लेकच असतो. त्याला उन्हात पाणी विचारावे. दुकानदार बंधुभगिनींचेही कर्तव्य आहे: वजन चोख असावे, भाव रास्त असावा, नोकराचा पगार वेळेवर द्यावा.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. १९१८ साली मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली, ती लोकांनी एकमेकांच्या आधाराने उभे राहावे म्हणूनच.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करू या. एक, जवळची खरेदी पायी जाऊन करू. दोन, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस न करता तिच्या घरची विचारपूस करू. तीन, कोणाची उधारी थकली असेल तर पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी ती चुकती करू. वेदीपाशी आपण एकाच भाकरीत सहभागी होतो. ज्याच्या घरची भाकर आपल्याकडे अडकली आहे, त्याला विसरून तेथे कसे जाणार?

निरोगी शरीर आणि जिवंत शेजार, ही दोन्ही दाने प्रभू आपल्याला देवो. आमेन.